अळ्या पडेपर्यंत

मेरेनच्या हातची भाकर खाऊन पुंता कोपेयमध्ये कुणाला कधी साधी मळमळसुद्धा झाली नाही, असं गावात सगळेच म्हणायचे. तिच्या तोंडावर म्हणायचे, पाठीमागेही म्हणायचे. ते ऐकून ती कधी खूश झालेली मी पाहिली नाही. "आजवर म्हणा," एवढंच बोलायची आणि चुलीकडे वळायची.

ही भाकर मक्याची नाही की गव्हाची नाही. ती ग्वायिगाची. ग्वायिगा म्हणजे आमच्या किनाऱ्यावरच्या रानात, खडकांच्या खाचांमध्ये उगवणारं बुटकं झाड. वर खजुरासारखी चार-सहा पानं दिसतात, बाकीचं सगळं झाड जमिनीच्या पोटात. तो कंद खणून काढायचा, खरवडायचा, पत्र्याच्या किसणीवर किसायचा आणि कीस काथवटीत रचून पानांनी झाकून ठेवायचा. मग वाट बघायची. कच्च्या कंदात विष असतं, माणूस मारण्याइतकं. कीस हळूहळू आंबतो, करडा होतो, मग काळपट, आणि एक दिवस त्यात अळ्या वळवळायला लागतात. अळ्या पडल्या की समजायचं, विष गेलं. मग तो कीस उन्हात सुकवायचा, चाळायचा, नारळ आणि बडीशेप घालून मळायचा, पानात गुंडाळून वरखाली निखारे ठेवून भाजायचा. बाहेरच्या माणसाला अळ्यांचं सांगितलं की तो तोंड वाकडं करतो. आमच्याकडे उलट आहे. ज्या किसात अळी नाही, त्याकडे बघून आमची तोंडं वाकडी होतात.

मेरेनचं पूर्ण नाव एमेरेन्सियाना. ती माझ्या मुलीची धर्ममाता, म्हणून आम्ही दोघी एकमेकींच्या कोमाद्रे. आमच्याकडे हे नातं सख्ख्या बहिणीपेक्षा थोडं जवळचं धरतात, कारण बहिणीशी भांडता येतं, कोमाद्रेशी भांडलं तर पाप लागतं. आमच्या परसांच्या मध्ये एक तारेचं कुंपण आहे आणि त्या कुंपणात आम्ही दोघींनीच पाडलेलं एक भगदाड आहे.

ती लहान असताना मोठं वादळ झालं. केळी गेल्या, साबुकंदाची शेतं वाहून गेली, होड्या गेल्या. उरलं ते रान. सगळा गाव ग्वायिगा खणायला लागला. शेजारच्या कोर्देरोंच्या घरी विस्तव मागायला मेरेनला तिच्या आईने पाठवलं. दार उघडंच होतं. आत सगळे झोपल्यासारखे पडले होते, कुत्रासुद्धा. चुलीपाशी काथवटीत राहिलेला कीस होता, पांढराशुभ्र. उपाशी माणसांनी वाट बघितली नव्हती. मेरेन विस्तव न घेताच घरी आली आणि आईला म्हणाली, "ते उठत नाहीयेत." हे मला तिने एकदाच सांगितलं, तेही कंद खरवडता खरवडता, मान वर न करता. "ओली, त्यांच्या तोंडांवर माश्या होत्या गं," मला नावाने हाक मारून ती म्हणाली, "पण किसावर एकही नव्हती."

त्यानंतर तिच्या आईने आणि आईमागे तिने गावाच्या भाकरीची राखण केली. कुणी घरी करतो म्हटलं तरी मेरेन काठी टेकत जाऊन काथवट बघून यायची. नाक किसाला टेकवून वास घ्यायची. पिकलेल्या किसाला एक वास येतो, जुन्या चीजसारखा, थोडा ओल्या जोड्यासारखा. मग भाजलेली पहिली भाकर ती स्वतः खायची, सणाच्या आदल्या दिवशी, एकटी बसून. दुसऱ्या दिवशी ती आपल्या पायांनी अंगणात आली की मग बाकीच्यांनी खायचं. हा तिचा नियम. कुणी सांगितलेला नाही, कुणी मोडलेला नाही.

रानात मी तिच्याबरोबर पुष्कळदा गेले आहे. आमचं रान दिसायला काही मोठं नाही. हिंडायला आलेली माणसं समुद्राकडे तोंड करून फोटो काढतात आणि रान त्यांच्या पाठीमागे राहतं. पण त्या उन्हाने भाजलेल्या चुनखडीत जितकं उगवतं तितकं ओल्या मळ्यातही उगवत नसेल. मेरेन तिथे अशी चालायची की जणू लग्नघरात शिरली आहे आणि कोण कुणाशी बोलत नाही हे तिला माहीत आहे. ग्वाओच्या झुडपापाशी आलं की ती थांबून, "नमस्कार बाबा, आम्ही पुढे जातोय," म्हणायची, कारण ग्वाओचं नुसतं पान घासलं तरी आठवडाभर अंगावर भाजल्यासारखे फोड येतात, आणि तिच्या मते न बोलता गेलेल्यालाच येतात. मी एकदा न बोलता गेले होते. त्यानंतर मीही बोलते. किनाऱ्याला लागून मान्सानियोची झाडं, छान गोल हिरवी फळं, सफरचंदाच्या वासाची. पावसात त्या झाडाखाली उभं राहिलं तरी कातडी सोलून निघते. त्याच्याच शेजारी समुद्रद्राक्षं, जी पोरं मूठमूठ खातात. कोपेय दुसऱ्या झाडाच्या डोक्यावर उगवतो आणि खाली मुळं सोडून त्याला आवळत नेतो. आमच्या गावाला नाव त्याचंच. लाल सालीचा अल्मासिगो, ज्याची साल उन्हाने भाजलेल्या गोऱ्या पाहुण्यांसारखी सुटते. आणि तो काटेरी गुलाब, ज्याची नर झाडं वेगळी, मादी वेगळी, आणि मादी फार क्वचित दिसते. "बाकीच्या शहाण्या असणार, लपून बसल्यात," मेरेन म्हणायची.

ग्वायिगातही नर-मादी असतात. गुरांनी पानं खाल्ली की त्यांचे मागचे पाय जातात. पूर्वी कुरणात अशी एखादी गाय हमखास दिसायची, पुढच्या पायांवर उभी, मागचं अंग ओढत आणलेलं, तोंडाने अजून चरतेच आहे.

रान राखीव झालं तेव्हा मेरेन आधीच म्हातारी होती. सरकारने हद्दीवर पांढरे रंगवलेले दगड लावले आणि राखणदार नेमले. त्यातला एक तिचाच मुलगा विल्टोन. सुरुवातीची वर्षं तो आईकडे काणाडोळा करायचा. ती कुदळ घेऊन निघाली की हा दुसऱ्या वाटेने जायचा. पण एका वर्षी वरून नवा साहेब आला, दगडांना नवा रंग आला, आणि विल्टोन एका सकाळी आईच्या स्वयंपाकघरात टोपी हातात धरून उभा राहिला. मी तिथे कॉफी पीत होते.

"आई, यंदा दगडांच्या आत नाही खणायचं."

"मग कुठे खणू? तुझ्या टोपीत?"

"सालादोच्या खोलगटात आहेत की. ती जागा हद्दीबाहेर येते."

"सालादोत पाणी तुंबतं. तिथला कंद मला माहीत नाही."

"कंद तो कंदच ना गं!"

मेरेनने माझ्याकडे बघितलं. "ऐकलंस कोमाद्रे? याला मी नऊ महिने पोटात वाढवला आणि हा म्हणतो, कंद तो कंदच."

विल्टोन हसला, पण टोपी काही त्याने डोक्यावर घातली नाही. नोकरी जाईल, असं तो हळूच म्हणाला.

आता तिच्या नाकाबद्दल. ही गोष्ट फक्त मला माहीत होती. मोठ्या साथीच्या वेळी तिला ताप आला, ताप उतरला, खोकला गेला, पण वास परत आला नाही. महिनाभर तिने कुणाला कळू दिलं नाही. मग एके दिवशी तिचं दूध उतू जाऊन करपत होतं, सगळ्या परसात वास भरला होता, आणि ती चुलीपाशी बसून शांतपणे शेंगा सोलत होती. मी भगदाडातून आत धावले. तिने आधी दुधाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"कुणाला बोलायचं नाही," ती म्हणाली.

"अगं पण भाकर..."

"डोळे आहेत ना मला अजून."

पण डोळ्यांवर तिचा भरवसा नव्हता. त्या वर्षी कीस पिकायला आला तेव्हा तिने मला हाक मारली, "ओली, ये गं, कॉफी घे." कॉफी तिने मला काथवटीशेजारी उभं करून दिली. मी वाकले, वास घेतला, आणि माझ्या लक्षात आलं की ती माझ्या तोंडाकडे बघते आहे. विचारलं काहीच नाही. मी नुसती मान हलवली. दुसऱ्या दिवशी तिने भाकर भाजली. पुढच्याही वर्षी असंच झालं. माझं नाक आणि तिचे हात, यावर गाव जेवला आणि कुणाला कळलं नाही.

मे महिन्यात सजवलेला क्रूस एका घरी मांडून गाव त्यापुढे गातो; नवा साहेब आला त्याच वर्षी त्या क्रुसाच्या सणाचं यजमानपण मेरेनच्या घरी आलं, म्हणजे खरं तर तिच्या सुनेकडे. यानेरी राजधानीतली मुलगी. गावात येऊन तिला बरीच वर्षं झाली, एक लेक झाली, तरी बायकांच्या बोलण्यात ती अजून "राजधानीची"च होती. हाताने चपळ, बोलायला गोड, केसांना रोज नवा रंग. सासू तिला वाईट बोलायची नाही, पण भाकरीच्या कामात तिला काथवटीपर्यंत येऊ द्यायची नाही. "तू क्रुसाचे कागद काप," म्हणायची. यानेरी कागद कापायची. रंगीत कागदांची फुलं तिने इतकी केली होती की घरात चालायला जागा नव्हती.

"दोन्या मेरेन," सासूला मानाने हाक मारत ती मला ऐकू जाईल अशा आवाजात एकदा म्हणाली, "मी मेले की मला कागदाच्या फुलांतच पुरा. दुसरं मला येतं काय?"

"आधी मी मरेन," मेरेन म्हणाली. "माझा मान मोडू नकोस."

दोघी हसल्या. पण ज्या घरी क्रूस असतो त्या घरची भाकर दुपारी गाणं संपल्यावर वाटायची असते, आणि भाकर नसली तर क्रूस उचलून दुसऱ्या घरी नेतात. असं आमच्या आठवणीत एकदाच झालं होतं. त्या घरच्या बाईला आजही लोक त्याच गोष्टीने ओळखतात. यानेरीला हे कुणी ना कुणी रोज सांगत होतं.

कंद सालादोतून आले. चिखलाने माखलेले, आतून पांढऱ्याऐवजी पिवळसर, आणि किसल्यावर लगेच तांबूस पडणारे. मेरेनला ते आवडले नाहीत. तिने कीस रचला, पानांनी झाकला, आणि त्याच दिवशी पाऊस लागला. मे महिन्यात पाऊस येतोच, पण हा थांबेना. थंड, बारीक, दिवसभर. कीस आंबायला उबारा लागतो आणि माश्या लागतात. माश्या सगळ्या घरांच्या आढ्याला जाऊन बसल्या होत्या.

नेमक्या त्याच आठवड्यात मी ला रोमाना शहरात होते. माझ्या मुलीचे दिवस भरले होते.

पुढचं मला यानेरीनेच नंतर सांगितलं, रडत रडत, आणि रडण्याच्या मधे मधे सासूला बोल लावत. सण जवळ आला आणि किसात एक अळी दिसेना. मेरेन रोज पान उचलून बघायची आणि परत झाकायची. यानेरी विचारायची, "झालं?" मेरेन म्हणायची, "नाही." बायका दारावरून जाता जाता विचारायच्या, "काय गं राजधानीची, क्रूस कुणाकडे न्यायचा ठरलं का?" स्वयंपाकघरामागे, पत्र्याच्या पागोळीखाली, कंदांच्या सालींचा आणि जुन्या चोथ्याचा ढीग होता. तो कोरडा राहिला होता आणि त्यात अळ्या नुसत्या खदखदत होत्या. सासू दुपारची पडली होती. यानेरीने करवंटी घेतली, ढिगातून अळ्या भरून आणल्या आणि दुधाला विरजण लावावं तशा त्या किसात कालवल्या.

"मला वाटलं, अळ्याच विष खातात," ती मला म्हणाली. "मग लवकर घातल्या तर लवकर खातील. मी काही वाईट केलं का ओली? मी काही लपवाछपवी केली नाही. मदत केली."

पण लपवलं होतं तिने. सासूला सांगितलं नव्हतं.

अळ्यांना विषाशी काही देणंघेणं नसतं. कीस आंबून मऊ झाला, खाण्याजोगा झाला, की त्या येतात. त्या जेवायला येतात. त्यांनी स्वयंपाक केलेला नसतो.

संध्याकाळी मेरेनने पान उचललं. किसात अळ्या होत्या. रंग तांबूस-करडा होता, पण तो तर पहिल्या दिवसापासूनच तांबूस होता. बाहेर ढगांमुळे अंधारून आलेलं आणि आत चुलीचा धूर. बऱ्याच अळ्या हलत नव्हत्या. ती वाकून किती तरी वेळ बघत राहिली. यानेरी दाराशी उभी राहून श्वास रोखून बघत होती.

"थंडीने आखडल्यात," यानेरी म्हणाली.

मेरेनने किसात बोट घातलं, बोटांवर चोळलं. मग फोन घेऊन परसात गेली आणि मला फोन लावला. माझी नात त्याच सकाळी जन्मली होती.

"कधी येतेस?" ती म्हणाली.

"उद्या सकाळच्या बसने. का गं?"

"काही नाही. कॉफी घ्यायला."

मला कळलं. मी म्हटलं, "कोमाद्रे, ऐक. मी आल्याशिवाय भाजू नकोस."

"भाकर उद्या दुपारी वाटायची."

"तरी भाजू नकोस. अळ्या पडल्या का?"

"पडल्यात."

"मग काय अडलंय?"

पलीकडे पाऊस ऐकू येत होता. "माशी नाही एकही," ती म्हणाली. "माशी न येता अळी कुठून आली गं?"

मी पुन्हा म्हटलं, थांब. ती "बरं" म्हणाली. पण ऊन नव्हतं म्हणून कीस रात्रीच चुलीच्या उबेवर सुकवून ठेवला होता, पहाटे विल्टोन निखारे पेटवून बसला होता, यानेरीने नारळ किसून ठेवला होता, शेजारच्या बायका पानं पुसून देत होत्या, आणि सणाच्या घरात एकटी म्हातारी "नाही" म्हणत किती वेळ उभी राहणार? तिने एकच गोष्ट केली. पहिली भाकर निखाऱ्यातून निघाली तशी गरमच घेऊन ती परसात गेली आणि अख्खी खाल्ली. रात्र जायला वेळ नव्हता. दुपारपर्यंतचाच वेळ होता.

मी बसमधून उतरले तेव्हा पाऊस थांबला होता आणि क्रुसाची गाणी रस्त्यापर्यंत ऐकू येत होती. पिशवी घरात न ठेवता मी सरळ भगदाडातून आत शिरले. मेरेन परसातल्या अल्मासिगोच्या झाडाला धरून उभी होती आणि ओकत होती. मला बघून तिने हाताने थांब म्हटलं, तोंड पुसलं, आणि चुलीशेजारी राहिलेल्या एका भाकरीकडे बोट केलं.

मी ती मोडली. नाकाशी नेली. भाजल्यावरही तो वास लपत नव्हता, कच्चा, हिरवा, नाकात टोचणारा.

या वेळी तिने माझ्या तोंडाकडे नुसतं बघितलं नाही. "सांग," ती म्हणाली.

"कच्ची आहे."

तिने मान हलवली, जणू मी तिला बाहेर किती वाजले ते सांगितलं. मग पदर सावरावा तसा तिने झगा सारखा केला आणि आत गेली. मी मागोमाग.

क्रूस फुलांनी झाकून गेला होता. खाली भाकरींची मोठी टोपली, वर भरतकाम केलेला रुमाल. माणसं गात होती, टाळ्या चालू होत्या. शेवटचं कडवं उरलं होतं. मेरेनने सगळ्यांमधून वाट काढली आणि टोपलीचा एक कान धरला. यानेरीने झटकन दुसरा धरला.

"दोन्या, काय करताय?" ती दातांमधून म्हणाली. "अजून गाणं संपलं नाही."

"सोड."

"लोक बघतायत!"

"बघू देत. सोड म्हणते ना."

"मी वर्षभर या दिवसाची... सोडा तुम्ही! तुम्हाला मला हसं करायचंच आहे."

टोपली कलली आणि भाकरी जमिनीवर सांडल्या. गाणं थांबलं. एका पोराने एक भाकर उचलली. मी ती त्याच्या हातावर मारून खाली पाडली.

"कुणी तोंडाला लावायची नाही," मेरेन म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण तिथे दुसरा आवाजही नव्हता. "माझं नाक मेलंय. साथीच्या तापापासून मेलंय. मला वास येत नाही आणि मी तुम्हाला सांगितलं नाही. ही मी आंधळेपणाने भाजली आहे. कच्ची आहे."

"कच्ची कशी?" यानेरी ओरडली. "अळ्या होत्या! मी स्वतः घातल्या!"

बोलून झाल्यावर तिला आपण काय बोललो ते कळलं. मेरेनने तिच्याकडे वळून बघितलं. मला वाटलं आता ही तिला मारते. पण ती वेगळंच बोलली.

"कुणी खाल्ली आहे?"

मग मागच्या बाकावरून सुतार फेल्लोकाका हसत म्हणाला, "बाई, मी सकाळीच दोन ढापल्या. तुझी भाकर आणि वाट बघायची? माझ्या पोटात रंधा आहे, काही होत नाही." लोक हसले नाहीत.

"आणखी?"

यानेरीचा रंग उतरला होता. ती खाली बसली, सांडलेल्या भाकरींमध्येच. "लिसबेल," ती म्हणाली. "यजमानाच्या लेकीला पहिला घास... मी मोडून दिला."

लिसबेल तिची मुलगी, तेव्हा पाच वर्षांची. ती रंगीत कागदाचा मुकुट घालून क्रुसापाशी उभी होती. सगळे आपल्याकडे बघताहेत म्हणून तिने मुकुट नीट केला आणि रोजच्यासारखी आजीपुढे आली.

"आशीर्वाद दे, आजी."

"देव तुझं भलं करो," मेरेन म्हणाली आणि तिला उचलून, "गाडी! गाडी!" ओरडत बाहेर धावली. त्या वयात, त्या पोटाने, कशी धावली कोण जाणे.

विल्टोनने राखीव रानाची गाडी काढली. मी मागे बसले, मेरेन मागे, पोर मध्ये. यानेरी पुढे बसून सारखी वळून बघत होती. फेल्लोकाका यायला तयार झाला नाही. वाटेत पोरगी आधी गाणं म्हणत होती, क्रुसाचंच. मग गप्प झाली. मग म्हणाली, "आजी, माझं डोकं दुखतंय." मेरेनने तिच्या घशात बोट घातलं आणि ओकायला लावलं, गाडी न थांबवता, स्वतःच्या झग्यात. आणि त्या ओकारीवर वाकून नाक टेकवलं, मूर्खासारखं, सवयीने. मग माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "निघालं. बरंचसं निघालं."

इगुए शहरातल्या दवाखान्यात पोरीला नळी घातली, सलाइन लावलं. मेरेनलाही शेजारच्या खाटेवर घेतलं. दोघी ओकत होत्या, आळीपाळीने. यानेरी दोन्ही खाटांच्या मध्ये उभी राहून दोघींची तसराळी धरत होती, आणि तिने त्या सगळ्या वेळात एकदाही तोंड फिरवलं नाही, हे मी तिच्यासाठी सांगते. डॉक्टर म्हणाले, घास लहान होता, नाहीतर कठीण होतं. पोरगी वाचली. मेरेनही वाचली, पण तिचे डोळे पिवळे झाले आणि बरेच दिवस तसेच राहिले.

फेल्लोकाका सणाच्या रात्री रम प्यायला, नाचला, आणि दुसऱ्या दिवशी उठला नाही. आठवडा निघायच्या आत गेला. गावाने ठरवलं की त्याचं वय झालं होतं. मेरेनच्या घरी येऊन लोक तसं सांगून गेले. "वयच झालं होतं बिचाऱ्याचं," म्हणाले, आणि तिने कॉफी पुढे केली की म्हणाले, आत्ताच घेतली. सगळ्यांनीच आत्ताच घेतलेली होती. मी एकटी पीत राहिले. मी पीत असताना ती माझ्या घशाकडे बघायची. पेला रिकामा होईपर्यंत बघायची.

सून-सासूत भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं होतं. यानेरी आता सगळं करते, स्वयंपाक, धुणं, अंगण. मेरेन म्हणते, "कर." यानेरी विचारते, "मीठ बघा जरा." मेरेन म्हणते, "तूच बघ." घरात कागदाचा एक तुकडा उरलेला नाही.

गावात आता कुणी ग्वायिगा खणत नाही. विल्टोनला राखण करायची गरज पडत नाही. विद्यापीठातली माणसं येतात, रान कसं फोफावलं म्हणून खूश होतात, आणि ते खरंही आहे. न खणलेली ग्वायिगा दगडांच्या अलीकडे आली, कुरणात आली, सालादोच्या वाटेने वर चढत आली. यंदा ती मेरेनच्या परसात, पार मागच्या दारापर्यंत आली आहे. त्यात दोन माद्या आहेत. त्यांची कणसं उकलली आणि आतून लालभडक बिया बाहेर पडल्या, लिमलेटच्या गोळ्यांसारख्या, चकचकीत. त्यांना गोडसर वास येतो. विषाच्या बाबतीत कंदापेक्षा बी वाईट.

मी म्हटलं, "उपटून टाक ना. विल्टोनला सांग."

"हद्द इथपर्यंत आणणार आहेत म्हणे," ती म्हणाली. "आणि उपटून काय होतंय? खाली राहतंच."

आता ती सकाळपासून मागच्या दारात खुर्ची टाकून बसते, मांडीवर काठी घेऊन, तोंड रानाकडे. लिसबेल घरात तिच्या पाठीमागे खेळते आणि मधूनमधून दाराशी येऊन विचारते, "आजी, ते लाल काय आहे?"

"काही नाही. आत जा."

"मला एक दे."

"आत जा म्हणते ना."

पोरगी आत जाते. थोड्या वेळाने मेरेन मान किंचित मागे वळवून, कान देऊन ऐकते, आत खेळण्याचा आवाज अजून येतो आहे की नाही.